चेहरा आणि नाव यांच्यामधलं अंतर

शालनकाकी जगदाळेंना त्या चष्म्यातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगितलेलं बरं. नावं मिळणार होती. कराडपासून साताऱ्यापर्यंतच्या घरांची, त्या घरांतल्या मामा-मावशांची, सासुरवाडीच्या सासुरवाडीची नावं. कोणाचं माहेर विट्याचं, कोणाचा साखरपुडा मोडला, कोणत्या मुलीला कोणत्या घरात दाखवायचं नाही, हे सगळं. वधूवर केंद्र चालवणाऱ्या बाईकडे दुसरं भांडवल काय असतं? खुर्च्या भाड्यानं मिळतात, चहा कुणीही करतं. माणसं काकींच्या दारात यायची ती काकींना सगळं ठाऊक असतं म्हणून. आणि तितकंच महत्त्वाचं, सगळं ठाऊक असूनही त्या योग्य वेळी काहीच ठाऊक नसल्यासारखा चेहरा करतात म्हणून.

या दुसऱ्या कलेसाठी त्यांच्याकडे एक वाक्य होतं: “पत्रिका जुळत नाही हो.” मुलगा घोरतो, पत्रिका जुळत नाही. मुलीचे वडील कोर्टात अडकलेत, पत्रिका जुळत नाही. सासू होऊ घातलेल्या बाईचा आवाज ऐकूनच मुलीला ताप भरला, पत्रिका जुळत नाही. नकार ग्रहांवर ढकलला की दोन्ही घरांचं झाकलेलं झाकलेलं राहतं आणि पुढच्या लग्नात एकमेकांच्या पंगतीला बसता येतं. काकी नवीन गिऱ्हाइकांना हे वाक्य पहिल्याच भेटीत शिकवत असत, पत्रिका न मानणाऱ्यांना तर जास्तच आग्रहानं.

अशा बाईनं ओगलेवाडीच्या एका साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या आईला भर मांडवात “या, शैलजाताई” म्हणून हाक मारली. शैलजा ही नवऱ्यामुलाच्या वडिलांची पूर्वी मोडलेली सोयरीक होती. साखरपुडा झाला, पण पेढा मात्र काकींना कुणी दिला नाही.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला, स्वरूपाला, सांगितलं, “मला तो नावं सांगणारा चष्मा आणून दे.”

स्वरूपा इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी पुण्यातल्या एका मंडळाचं काम करायची. या मंडळाला काकी ‘फुकटे’ म्हणत, कारण तिथली माणसं रात्रंदिवस राबून जे बनवत ते कुणालाही तसंच देऊन टाकत. त्यांनीही एक चष्मा बनवला होता. स्वरूपानं दोन्ही चष्मे टेबलावर ठेवले.

“हा सोबती. कंपनीचा. हलका आहे, फुकट आहे. समोर माणूस आला की त्याचा चेहरा कंपनीकडे जातो, तिथून नाव येतं, आणि कानामागच्या हाडातून तुला एकटीला ऐकू येतं. आणि हा आमचा. याची पेटी आपल्या फ्रिजवर राहणार. जे काही आहे ते त्या पेटीत, घराबाहेर काही जात नाही. आत काय चालतं ते कुणीही उघडून वाचावं.”

काकींनी दुसरा चष्मा उचलून तोलला. “हा तर वजनाच्या काट्यावर ठेवायचा चष्मा आहे. आणि कोण वाचणार गं आत काय चालतं ते? मी?”

“तू नाही, पण वाचणारे आहेत. आणि हा ज्यानं हो म्हटलंय त्यालाच ओळखतो. नव्या माणसाला आधी विचारतो, तुम्हाला लक्षात ठेवू का?”

“मोठ्यानं?”

“मोठ्यानंच. त्याला कळायला नको?”

काकी हसून हसून लाल झाल्या. “अगं, म्हणजे मी लोकांच्या घरी जाऊन आधी हे सांगू, की बायांनो, मला तुमची नावं आठवत नाहीत? दुकानावर पाटी लावून दुकान बुडवायचं?” त्यांनी सोबती डोळ्यांवर चढवला, समोर आलेल्या चार पानी मजकुराखाली ‘मान्य’ म्हटलं, आणि विषय संपला. स्वरूपानं घरचा चष्मा परत खोक्यात ठेवला. खोकं मात्र पुण्याला परत पाठवलं नाही.

सोबतीनं कमाल केली. माणूस फाटकातून आत येईपर्यंत काकींच्या कानामागे कुजबुज व्हायची: ‘हणमंत बर्गे. लाकडाची वखार. धाकटीचं बाळंतपण झालं.’ काकी उठून म्हणायच्या, “या बर्गे, नातू कोणावर गेलाय?” बर्गे गारद. वर्षभरात केंद्राच्या ओसरीवर चपलांना जागा उरेना. बायका काकींचा हात हातात घेऊन जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सांगायच्या, आणि काकी मान हलवून म्हणायच्या, “माझ्या पोटात राहील.” पोटात राहतही होतं. नाकावर काय बसलंय याचा विचार कुणी केला नाही.

आता त्या चष्म्याचं खरं कौशल्य. चेहरा ओळखणं ही जुनी गोष्ट झाली. चेहऱ्याचे आकडे करायचे आणि साठवलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे, एवढंच ते. अवघड प्रश्न वेगळा होता: नाव सांगायचं कधी? आधीच सांगितलं तर माणूस वैतागतो, उशिरा सांगितलं तर फजिती होते. चेहरा दिसणं आणि नाव ओठावर येणं यांच्यामध्ये मेंदूला एक निमिष लागतं. चेहरा एका जागी ठेवलेला असतो, नाव दुसऱ्या, आणि त्यांच्यामधला रस्ता कच्चा असतो. सोबती हे अंतर मोजायचा. डोळे चेहऱ्यावर किती वेळ थांबले, ओठ हलले का, नावाऐवजी ‘हे आपले ते’ आलं का. प्रत्येक माणसाचं अंतर शिकून तो नेमक्या क्षणी कुजबुजायचा. म्हणून तर तो जादूचा वाटायचा.

पण जो हे अंतर रोज मोजतो त्याला ते वाढताना दिसतंच. डॉक्टरांच्या कागदी परीक्षेत सापडण्याच्या कितीतरी आधी विस्मरणाचा आजार या कच्च्या रस्त्यावर येऊन उभा असतो. कंपनीनं आजार शोधायला चष्मा बनवला नव्हता. तिला फक्त वेळेवर कुजबुजायचं होतं. आजार तिला वाटेत सापडला, आणि वाटेत सापडलेलं कुणी टाकून देत नाही.

स्वरूपाचं स्थळ काकींनी स्वतः पाहिलं नाही. साताऱ्याच्या घोरपड्यांचा कौस्तुभ तिला एका कार्यशाळेत भेटला, दोघं वर्षभर बोलत राहिले, मग घरी सांगितलं. काकी वरवर रुसल्या (“माझ्याच घरात माझं गिऱ्हाईक फुटलं”) आणि आतून सुखावल्या. कौस्तुभच्या आई नलिनीबाई घोरपडे येऊन गेल्या. स्वरूपाच्या हातचा शिरा दोनदा घेतला. जाताना म्हणाल्या, “आम्ही पत्रिका-बित्रिका मानत नाही हो, शालनताई. मुलं सुखी झाली म्हणजे झालं.”

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला.

“शालनताई, मुलगी लाखात एक. पण काय आहे, पत्रिका जुळत नाही.”

काकींनी सवयीनं “असं होय” म्हटलं, आणि मग त्यांच्या हातातला लसूण खाली पडला. “कुठली पत्रिका?”

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

“आम्ही पत्रिका दिलीच नाही, नलिनीताई. तुम्हीच नको म्हणालात. स्वरूपाची जन्मवेळ तरी माहीत आहे का तुम्हाला?”

“नाही, म्हणजे, आमच्या गुरुजींनी साधारण...”

“हे वाक्य मी माणसांना शिकवते. कुणाला कधी वापरावं हेसुद्धा शिकवते. मला खरं सांगा.”

नलिनीबाई वाईट नव्हत्या. वाईट बाईनं फोन ठेवला असता. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “कौस्तुभचं नाव आधी एका लग्नाच्या ॲपवर होतं. ते ॲप समोरच्या घराण्याचा आरोग्याचा अहवाल काढून देतं. त्यात आलंय. आईकडून, स्मरणशक्तीचा विकार, शक्यता जास्त.” आणि मग अगदी मनापासून, “तुम्हाला काही होतंय का हो, ताई?”

काकींना काही होतंय हे तोवर काकींनासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

स्वरूपा संध्याकाळी घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी होती आणि सोबती पिठाच्या डब्यात होता, झाकण घट्ट लावून.

“हा ऐकतोय का आत्ता?”

“पिठात काय ऐकणार. दे इकडे.” स्वरूपानं तो बंद केला. मग तिनं ‘मान्य’खालचा चार पानी मजकूर पहिल्यांदा पूर्ण वाचला. तिसऱ्या पानावर होतं: वापराच्या सवयींवरून निघणारे अंदाज भागीदार संस्थांना देण्यात येतील. एका वाक्यात आईचं डोकं आणि आपलं लग्न, दोन्ही मावलं होतं.

“तुला माहीत होतं?” काकींनी विचारलं. “माझं?”

“शंका होती. तू एकच बातमी मला दोनदा सांगायचीस. पहिल्यांदा वाटलं, तुला ती बातमी फारच आवडलीय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू तरी कुठं विचारलंस?”

दोघींना एकदम हसू आलं आणि ते लगेच ओसरलं. पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं जे नलिनीबाईंच्या अहवालात होतं, फक्त जास्त सावकाश: सुरुवात आहे, काही वर्षं नीट जातील, औषधं आहेत.

कौस्तुभ स्वतः कराडला आला. कृष्णेच्या घाटावर त्यानं स्वरूपाला सांगितलं की त्याच्या आईचं काय ते ती बघेल, त्याला स्वतःला काही फरक पडत नाही. स्वरूपाचा हात त्याच्या हातात होता. “फक्त एकदा तुझी जनुकांची तपासणी करून घेऊ,” तो म्हणाला, “म्हणजे घरच्यांची तोंडं बंद होतील.”

“आणि त्यात निघालं तर?”

“निघणार नाही गं.”

“निघालं तर, कौस्तुभ?”

तो पाण्याकडे बघत राहिला. जरासाच. सोबतीनं मोजलं असतं इतकंच. स्वरूपानं हात काढून घेतला. “मला माझं पुढचं कळून घ्यायचं की नाही, हे मी अजून ठरवलं नाहीये. तुझ्या घरच्यांच्या तोंडांसाठी तर नाहीच ठरवणार.”

काकींनी ही हकीकत ऐकली आणि त्या घरात येरझाऱ्या घालू लागल्या. स्वरूपाला वाटलं, आपल्यासाठी. पण काकींच्या मनात वेगळंच काही चाललं होतं.

“माझ्या बोलण्यातलं माझं गेलं,” त्या थांबून म्हणाल्या. “मग माझ्याशी बोलणाऱ्यांचं?”

स्वरूपानं बंद करून ठेवलेल्या सोबतीकडे पाहिलं.

“अगं, वर्षभर बायका माझ्यासमोर बसून बोलल्या. मी म्हणायची, पोटात राहील.”

“गेलं असणार, आई. आवाज जातो. त्यातून आजार, कर्ज, भांडणं, जे अंदाज काढता येतात ते काढतात.”

वाट मोकळी होती. चष्मा फेकायचा, आजारी आहे म्हणून केंद्र बंद करायचं, आणि गप्प बसायचं. कुणाला कळलं असतं? ज्यांचं मोडलं त्यांना पत्रिका जुळत नाही असंच सांगितलं गेलं असणार. काकींनी हा विचार दोन दिवस करून पाहिला. दोन्ही दिवस दारावरची बेल वाजली की त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि दार स्वरूपाला उघडायला लावायच्या.

“ज्या ज्या घरचं मी ऐकलं त्या घरी जाऊन सांगायचं,” शेवटी त्या म्हणाल्या. “काढ स्कूटर.”

“कुठल्या कुठल्या घरी?”

काकी बोटांवर मोजू लागल्या. दहाबारा घरं आठवली. बाकीची धूसर. चपला आठवत होत्या, चेहरे आठवत होते, कुणाचा चेहरा कुठल्या घरातला ते आठवत नव्हतं. ते फक्त एकाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो बंद करून ठेवलेला होता.

“नाही,” स्वरूपा म्हणाली. “परत तो घालायचा नाही.”

“मग तू सांग नावं.”

स्वरूपाला नावं माहीत नव्हती. आईनं खरंच कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मग त्या मायलेकींनी जे केलं ते शनिवार पेठेत बऱ्याच जणांनी पाहिलं आणि कुणालाच कळलं नाही. काकी सोबती लावून बाजारातून चालायच्या. ओळखीचा चेहरा दिसला, कानामागे कुजबुज झाली, की त्या चष्मा काढून स्वरूपाच्या हातात द्यायच्या, स्वरूपा तो बंद करून डब्यात घालायची, आणि मग काकी त्या माणसाला बाजूला घेऊन बोलायच्या. पुन्हा चष्मा, पुन्हा चार पावलं. भाजीवाली म्हणाली, “काकींना नंबर लागत नाही वाटतं.”

हणमंत बर्गेंनी ऐकून घेतलं आणि खदाखदा हसले. “आमचं काय जाणार, काकी? आमचा धाकटा काय पितो ते अख्ख्या मलकापूरला माहीत आहे. चष्म्याला कळलं तर कळू द्या की.” जी घरं आठवली तिथं त्या घरी गेल्या. एका शिक्षिकेनं ऐकता ऐकता दार लावून घेतलं, आणि दाराच्या आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. एका घरात यजमानांनीच विचारलं, “असं काय सांगितलं होतं आमच्या हिनं?” आणि बायकोचा चेहरा पांढरा पडला. काकी पटकन म्हणाल्या, “तेच तर मला आठवत नाही हो, विस्मरणाचा आजार आहे मला.” आजार त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत उच्चारला, आणि तोही दुसऱ्या बाईला वाचवायला. यात त्या बाईचं झाकलं गेलं आणि काकींचं उघडं पडलं. संध्याकाळपर्यंत बातमी विद्यानगरला पोचली.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा घरचा चष्मा खोक्यातून बाहेर आला. काकींनी तो लावला, आणि मग त्यांना त्यातली मेख कळली. कंपनीचा चष्मा कुणाला काही विचारत नव्हता, म्हणून कुणी त्याला घाबरत नव्हतं. हा बापडा प्रत्येकाला “तुम्हाला लक्षात ठेवू का?” म्हणून विचारायचा, आणि माणसं दचकून मागं सरायची. “कशाला? काय करणार?” काकींनी समजावलं, तुमचं नाव माझ्या घरच्या पेटीत राहील, नको असेल तेव्हा सांगा, तुमच्यासमोर पुसते. “नको, काकी, असल्या भानगडी नकोत,” असं म्हणणारी कितीतरी माणसं स्वतःच्या नाकावर सोबती लावून उभी होती.

सानिका थोरातचं घर काकींना आठवलं नाही. उरलेली घरं शोधायला सोबतीच लागायचा, आणि अशाच एका फेरीत सानिकाच भेटली, स्टँडवर, आणि सोबती कुजबुजला: ‘सानिका थोरात. पोटरीवर कोड. आईनं सांगितलं.’ काकींनी चष्मा इतक्या जोरात ओढून काढला की कान लाल झाला. त्याच पावली त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेल्या. सोबती मागं स्टँडवरच्या कचऱ्याच्या पिंपात राहिला. पुढची नावं आठवली तर आठवली.

थोरातांकडं चहा आला. सानिकाच्या पुढं मात्र वरीचा भात आणि दाण्याची आमटी होती.

“उपवास?” काकींनी विचारलं.

“मंगळवार ना,” तिची आई म्हणाली. “तीन स्थळं आली, काकी. पसंती झाली, बोलणी झाली, आणि तिन्ही वेळा तेच, पत्रिका जुळत नाही. आम्ही मग गुरुजींना दाखवली. मंगळाची शांत केली. तेव्हापासून ही मंगळवार करते.”

काकींनी चहाचा कप खाली ठेवला. मग सगळं सांगितलं, एका दमात, कारण मध्ये थांबलं तर पुढचं निसटेल अशी त्यांना भीती वाटत होती. चष्मा. अहवाल. तिन्ही घरांना काय दिसलं असणार.

सानिकाची आई पदर तोंडाला लावून बसली. सानिकानं ताट बाजूला सरकवलं.

“म्हणजे माझी पत्रिका चांगली होती?”

“पत्रिकेत काही नव्हतं गं बाळा. मला तरी काही दिसलं नव्हतं.”

“मला वाटायचं, माझ्या जन्मातच काहीतरी आहे.” ती उठली. वरीच्या भाताचं ताट आत नेलं आणि बाहेर आली ती सकाळची पोळी-भाजी घेऊन. खाली मांडी घालून बसली.

“अगं, आज मंगळवार,” आई म्हणाली.

“माहितीये,” सानिका म्हणाली, आणि जेवायला लागली.

तर त्या चष्म्याची किंमत कोणी किती भरली ते असं. कंपनीनं काही भरलं नाही. उलट शनिवार पेठेतल्या त्या फेऱ्यांत तिला काकींचं अंतर आणखी वाढलेलं सापडलं असेल. नलिनीबाईंनी अहवालासाठी ॲपची वर्गणी भरली होती, आणि ज्या खोलीत त्यांनी दोनदा शिरा घेतला तिथं त्यांचाही चेहरा आणि आवाज कंपनीला मिळाला होता, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांचा धाकटा मुलगा लग्नाचा आहे. काकींचं केंद्र गेलं. येणाऱ्या थोड्या बायका आधी काकींच्या नाकाकडे बघतात आणि मग बोलतात. घरच्या पेटीत हो म्हणणारी माणसं इतकी कमी आहेत की तिची बरीचशी जागा रिकामीच आहे. पहिलं नाव स्वरूपाचं. तिनं किमतीत कौस्तुभ भरला, आणि रोज सकाळी उठल्यावर स्वतःला एखादा शब्द पटकन आठवतो का ते तपासून बघायची सवय तिला जडली, ती वेगळी.

सगळ्यांत जास्त भरलं सानिकानं: तीन घरं, सारे मंगळवार, आणि आरशात बघताना स्वतःच्या ग्रहांना दिलेल्या शिव्या. त्या चष्म्याशी तिचा संबंध एवढाच, की तिच्या आईनं एका दुपारी शालनकाकींवर विश्वास ठेवला होता.